सनद मिळाली, पण पुढची तीन वर्षं कशी निघणार? पिंपळनेर-साक्रीतल्या नव्या वकिलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

पिंपळनेरच्या माणसाला कोर्टाचं काम पडलं की तो साक्रीची एसटी धरतो, मामला मोठा असला तर पुढे धुळ्याला जातो. सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी घरी येतो तेव्हा बहुतेक वेळा हातात फक्त पुढची तारीख असते. आता आपल्याच गावातली, आपल्याच मोहल्ल्यातली काही मुलं-मुली एलएल.बी. होऊन काळा कोट घालू लागली आहेत. ही खुशीची बातमी आहे. पण आम्ही शिक्षक मंडळी जवळून बघतो ते असं, की सनद मिळाल्यावर दोन-अडीच वर्षांत यातले काही जण कोर्टाकडे फिरकेनासे होतात. कोणी नाशिकला कंपनीत लागतो, कोणी भावाच्या दुकानावर बसतो, मुलीचं लग्न ठरतं आणि कोट कपाटात जातो. हुशारी कमी पडली म्हणून असं होत नाही. पहिली दोन-तीन वर्षं वकिलाच्या घरात पैसा जवळजवळ येतच नाही, हे आई-वडिलांना आधी कोणी सांगितलेलंच नसतं. दुकान उघडलं की गल्ला सुरू होतो, डी.एड. झालं की निदान पगाराची आशा असते. वकिलीचं तसं नाही.

म्हणून ही माहिती आम्ही एका जागी देत आहोत. नव्या वकिलाला कुठून आधार मिळू शकतो, कोणता नियम त्याच्या बाजूचा आहे, आणि त्याच्याकडून गावाला काय मिळू शकतं, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे.

सनद आणि परीक्षा

वकिलीची सनद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडून मिळते. अधिवक्ता अधिनियम १९६१ च्या कलम २४ मध्ये सनदेची फी ठरवून दिलेली आहे: सर्वसाधारण उमेदवाराला राज्य कौन्सिलचे ६०० आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाचे १५० असे एकूण ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपये. प्रत्यक्षात देशभरातल्या कौन्सिल निरनिराळ्या नावांखाली हजारो रुपये घेत होत्या. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार खटल्यात स्पष्ट सांगितलं की कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त सनद फी घेता येणार नाही. हा निकाल पुढच्या काळासाठी आहे, त्याआधी भरलेले पैसे परत मिळत नाहीत. तरीही आज फॉर्म भरणाऱ्या गरीब घरच्या मुलासाठी ही मोठी सवलत आहे. कोणी 'वरचे' पैसे मागितले तर पावती मागा.

सनदेनंतर अखिल भारतीय बार परीक्षा. ही परीक्षा २०११ पासून होते आणि तिच्या वैधतेवर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १० फेब्रुवारी २०२३ रोजी शिक्कामोर्तब केलं. शंभर प्रश्न, पर्यायांतून उत्तर निवडायचं, टिपा नसलेली कायद्याची पुस्तकं सोबत नेता येतात. पेपर मराठीतही असतो. सनद मिळाल्यापासून दोन वर्षांच्या आत ती पास व्हावी लागते, नाहीतर पास होईपर्यंत वकिली थांबते. काही मुलं 'सोपी आहे' म्हणून टाळत राहतात आणि मग दुसरं वर्ष संपत आलं की धावपळ करतात. पुस्तक उघडून लिहायची परीक्षा असली तरी पुस्तकात कुठे काय आहे ते माहीत असावं लागतं. भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम हे तीन नवे कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले, त्यामुळे मोठ्या भावाची किंवा जुन्या दुकानातली पुस्तकं आता अर्धीच उपयोगाची. यात नव्या मुलाचा एक फायदा मात्र आहे. तीस वर्षं कलम ४२० म्हणणाऱ्या सीनिअरलाही आता ३१८ शोधावं लागतं. नवी कलमं पाठ असलेला ज्युनिअर त्याला हवाहवासा वाटतो.

सीनिअर, ज्युनिअर आणि पैसे

कॉलेजात कायदा शिकवतात, कोर्टात काम कसं चालतं ते सीनिअरच्या टेबलाशी बसून कळतं. बोर्ड बघणं, पुकारा झाला की उभं राहणं, मुदतीचा अर्ज लिहिणं, रोजनामा वाचणं, नक्कल विभागात अर्ज टाकणं, पक्षकाराला दम न देता खरी हकिकत काढून घेणं. हे सगळं पुस्तकात नाही. ज्याच्या घरात आधीच वकील आहे त्याला हे जेवताना ऐकून कळतं. ज्याचे वडील बागवान किंवा ड्रायव्हर आहेत त्याला विचारायलाही संकोच वाटतो.

इथे दोन गोष्टी घरच्यांनी लक्षात ठेवाव्यात. पहिली: शिकवायचे म्हणून सीनिअरने ज्युनिअरकडून फी घेणं हे बार कौन्सिलच्या आचारसंहितेत अनुचित मानलेलं आहे. तेव्हा 'अमुक साहेबांकडे मुलाला लावायचं तर काही द्यावं लागेल' असं कोणी सांगत असेल तर तो मधला माणूस आहे, त्याला दूर ठेवा. दुसरी: सीनिअरने ज्युनिअरला काही तरी द्यावं असं आता अधिकृतपणे सांगितलं गेलं आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात शहरी भागात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन सुचवलं. पण ही शिफारस आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या कोर्टात ज्या सीनिअरचं स्वतःचं उत्पन्नच बेताचं आहे तो पंधरा हजार कुठून देणार, हाही प्रश्न खरा आहे. आमच्या मते ज्युनिअरने परिपत्रक नाचवत जाऊ नये. एसटीचा खर्च, टायपिंग, झेरॉक्स आणि दुपारचा चहा-नाश्ता एवढं तरी खिशातून जाऊ नये, इतकं पहिल्याच दिवशी अदबीने बोलून घ्यावं. न बोलल्यामुळे सहा महिन्यांनी मनात अढी बसते, ती वाईट.

दुसऱ्या राज्यांनी यात सरकारी पैसा घातलेला आहे. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये नव्या वकिलांना पहिली तीन वर्षं महिना ५,००० रुपये देण्याची योजना आणली, तमिळनाडूने २०२० मध्ये दोन वर्षांसाठी महिना ३,००० रुपये जाहीर केले, केरळनेही असा निर्णय घेतला. महाराष्ट्रातल्या वकील संघांनी हा विषय नेटाने मांडण्यासारखा आहे.

पहिल्या वर्षांची ही तंगी नवी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये मुंबईत वकिली सुरू केली तेव्हा परदेशातल्या पदव्या असूनही त्यांच्याकडे सॉलिसिटर काम पाठवत नव्हते. जात आड येत होती, ओळखी नव्हत्या. घर चालवायला त्यांनी १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. आणि याच ओढगस्तीच्या काळात, १९२६ मध्ये, 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून झालेल्या पुण्याच्या बदनामीच्या खटल्यात जेधे-जवळकर आणि बागडे यांच्या बाजूने ते उभे राहिले आणि जिंकले. शिकवण्या घेऊन वकिली टिकवणं यात कमीपणा नाही, एवढं यातून आमच्या मुलांनी घ्यावं. फक्त नियम बघून. सनद असलेला माणूस पूर्ण वेळेची पगारी नोकरी करू शकत नाही. संध्याकाळचे क्लास वेगळे, शाळेत शिक्षक म्हणून रुजू होणं वेगळं.

उर्दू माध्यमाच्या मुलांना घाबरवू नका

हा भाग आम्ही थोडा विस्ताराने लिहितो, कारण रोज वर्गात हाच प्रश्न समोर येतो. 'सर, आमची मराठी कच्ची, आम्ही कोर्टात काय बोलणार?' तालुका कोर्टात साक्ष मराठीत होते, दावा-कैफियत बहुधा मराठीत लिहिली जाते, तेव्हा भीती साहजिक आहे.

पण जरा शब्द मोजून बघा. वकील, दावा, फिर्याद, अर्ज, हुकूम, नक्कल, दाखला, वारस, कबुली, मुदत, तारीख, हजर, गैरहजर, मजकूर, सबब, शिरस्तेदार, नाझर. कोर्टातली मराठी ही निम्मी अरबी-फारसीच आहे. शिवकाळाच्या आधीपासून दफ्तरात बसलेले हे शब्द आजही दाव्याच्या कागदावर जसेच्या तसे आहेत. शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलाला 'सबब अर्ज मंजूर व्हावा' हे वाक्य परकं वाटतं, उर्दू शाळेच्या मुलाला नाही. ही त्याची जमेची बाजू आहे आणि ती त्याला कोणीतरी सांगितली पाहिजे.

सावध राहायचं ते ओळखीच्या चेहऱ्याच्या पण वेगळ्या मतलबाच्या शब्दांपासून. उर्दूत कैफियत म्हणजे हालत, कोर्टात कैफियत म्हणजे प्रतिवादीचं लेखी म्हणणं. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल, मराठीत आक्षेप. उर्दूतली तकरार भांडण असते, मराठीतली तक्रार पोलीस ठाण्यात नोंदवतात. खुलासा उर्दूत सारांश, मराठीत स्पष्टीकरण. आणि जामीन! उर्दूत ज़ामिन हा हमी घेणारा माणूस, मराठीत 'जामीन झाला' म्हणजे आरोपी सुटला आणि 'जामीन राहिला' म्हणजे हमी घेतली. एका शब्दाच्या घोळाने उलटतपासात साक्षीदार भलतंच बोलून जातो. वर्षभर रोज एक जुना निकाल मराठीत उतरवून काढायचा, एवढा सराव केला तर लिहिण्याचा प्रश्न उरत नाही. अहिराणी आणि कोकणी बोलणाऱ्या पक्षकाराशी त्याच्या बोलीत दोन वाक्यं बोलता आली तर आणखीच उत्तम. आमच्या भागातली मुलं बाजारात ती बोलतातच, फक्त काळा कोट चढवला की विसरतात.

सेवा म्हणजे काय, आणि ती कुठे करायची

मोफत कायदेशीर मदत ही मेहरबानी नाही. घटनेत अनुच्छेद ३९अ आहे, १९७६ मध्ये घातलेला. १९७८ मध्ये एम. एच. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कैद्याला निकालाची प्रत मोफत आणि वेळेवर मिळाली पाहिजे, अपिलासाठी वकील मिळाला पाहिजे असं ठरवलं. १९८३ मध्ये पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून मुंबईच्या कोठड्यांमधल्या बायकांची हालत न्यायालयापुढे आली आणि अटक झाली की पोलिसांनी जवळच्या विधी सहाय्य समितीला कळवावं असा आदेश झाला. दोन्ही प्रकरणं आपल्याच राज्यातली. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा, तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला.

या कायद्याखाली जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, प्रमुख जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष. तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते, तिथले सर्वांत वरिष्ठ न्यायाधीश तिचे अध्यक्ष. म्हणजे आपल्यासाठी धुळे आणि साक्री. मोफत वकील कोणाला मिळतो? स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेला माणूस, पूर-दुष्काळ किंवा दंगलीसारख्या आपत्तीत सापडलेला माणूस. यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असावं लागतं. आमच्या मोहल्ल्यातल्या किती बहिणींना हे ठाऊक आहे? नवऱ्याने खर्च बंद केला, मेहर दिला नाही, मुलांना घेऊन माहेरी आली, आणि वकिलाची फी नाही म्हणून घरात बसून राहिली, अशी बाई या कायद्याने पहिल्या रांगेत आहे. १० जुलै २०२४ रोजी मोहम्मद अब्दुल समद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तलाक झालेल्या मुस्लिम स्त्रीलाही पोटगीच्या सर्वसाधारण कलमाखाली अर्ज करता येतो असं पुन्हा स्पष्ट केलं. जुनं कलम १२५, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४.

नव्या वकिलाने यात शिरायचं कसं? प्राधिकरणाच्या पॅनलवर साधारणपणे तीन वर्षांचा अनुभव असलेले वकील घेतात, म्हणून पहिल्याच वर्षी 'मला पॅनलवर घ्या' म्हणून उपयोग नाही. पण लोक अभिरक्षक कार्यालय नावाची व्यवस्था आता जिल्ह्यांत आली आहे. तिथे आरोपींच्या बचावासाठी पूर्णवेळ मानधनावर वकील नेमले जातात. मुख्य अभिरक्षकाला दहा वर्षांचा, उपमुख्याला सात वर्षांचा फौजदारी अनुभव लागतो. सहायक लोक अभिरक्षकाची जागा मात्र तीन वर्षांपर्यंत वकिली झालेल्यांसाठीच आहे. नव्या मुलासाठी दरमहा ठरलेले पैसे आणि रोज उलटतपास बघायला मिळणं, दोन्ही एकत्र मिळण्याची ही विरळी जागा. जाहिरात जिल्हा न्यायालयाच्या संकेतस्थळावर येते, तिकडे लक्ष ठेवा. त्या काळात खासगी प्रकरणं घेता येत नाहीत. केंद्र सरकारच्या 'न्याय बंधू' योजनेतही विनामूल्य काम करण्यासाठी वकिलांना नोंदणी करता येते. आणि एक ताकीद: विधी सेवेतून मिळालेल्या पक्षकाराकडून एक रुपयाही घेता येत नाही, 'खुशीने दिला' हे कारण चालत नाही.

पिंपळनेर परिसरात कामाला तोटा नाही. पश्चिम साक्रीचा पट्टा आदिवासी आहे. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ नये म्हणून जमीन महसूल संहितेत कलम ३६अ आहे, गेलेली जमीन परत करण्याचा कायदा १९७४ पासून आहे. वनहक्क कायदा २००६ चा. ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा लागतो, आणि बिगर-आदिवासी असेल तर तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. दावा ग्रामसभेपासून उपविभागीय समितीकडे आणि मग जिल्हा समितीकडे जातो. कागद नसतो म्हणून अडलेल्या माणसाला तिथे पुरावा कसा जमवायचा हे सांगणारा कोणीतरी हवा असतो. जन्माची नोंद राहून गेलेली माणसंही दर मोहल्ल्यात आहेत. वर्षाच्या आत नोंद झाली नसेल तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय होत नाही, आणि अर्जात एक नाव चुकलं तर पुढे शाळेचा दाखला, आधार, पासपोर्ट सगळीकडे घोळ. ही कामं कोर्टात गाजत नाहीत, पण अशाच कामातून गाव वकिलाला ओळखू लागतं. आणि पाच वर्षांनी जमिनीचा मोठा दावा निघाला की लोक त्याच्याच दारात येतात.

मात्र फलक लावून शिबिर भरवू नका. वकिलाने स्वतःची जाहिरात करणं किंवा काम मागत फिरणं बार कौन्सिलच्या नियम ३६ मध्ये मना आहे. नावाची पाटीसुद्धा बेताच्या आकाराची असावी, तिच्यावर 'अमुक संघटनेचे अध्यक्ष' किंवा 'फौजदारी तज्ज्ञ' असं लिहिता येत नाही. 'ॲड. अमुक यांच्यातर्फे मोफत सल्ला' असा बॅनर चौकात लागला आणि कोणी तक्रार केली तर सनदेवर येतं. रस्ता सोपा आहे: तालुका विधी सेवा समितीला अर्ज करून समितीच्या नावाने शिबिर घ्यावं. जागा शाळेची किंवा शादीखान्याची, नाव समितीचं, राबणारे हात नव्या वकिलांचे.

जमातीने काय करावं

सत्कार पुष्कळ झाले. शाल-श्रीफळाने एसटीचा पास निघत नाही. (मुलींसाठी निदान मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, ती एक आपोआप झालेली मदत.) बैतुलमाल किंवा तालिमी फंड ज्या जमातींकडे आहे त्यांनी डॉक्टर-इंजिनिअरच्या फीबरोबर सनदेनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांचाही विचार करावा. जकातीतून देता येईल का हे उलेमांना विचारून ठरवावं; इमदाद किंवा बिनव्याजी कर्जाला तर काही अडचण नाही. रक्कम मोठी लागत नाही, महिन्याच्या महिन्याला वेळेवर मिळणारी लागते. नव्या कायद्यांच्या पुस्तकांचा एक संच आणि एक प्रिंटर शाळेच्या वाचनालयात ठेवला तर चार-पाच मुलांचं भागतं. बदल्यात महिन्यातून दोन दिवस गावाचे अर्ज बघून द्यायचे, असं लेखी ठरवून घ्यावं.

मुलींच्या बाबतीत एक जास्तीची गोष्ट. साक्रीला रोज जाणं-येणं, बार रूममध्ये बायकांना बसायला जागा, सीनिअर कोण, या गोष्टींची चौकशी वडिलांनी-भावाने एकदा स्वतः जाऊन करावी आणि नंतर तिला काम करू द्यावं. खर्चाच्या दाव्यात, घरगुती हिंसाचाराच्या अर्जात बाईला बाईपाशी जे बोलता येतं ते पुरुष वकिलाला महिनोन्महिने कळत नाही.

न्यायाधीश व्हायची इच्छा असलेल्यांनाही आता ही तीन वर्षं टाळता येणार नाहीत. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. ही वर्षं तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून मोजली जातात, मात्र खरोखर कोर्टात उभं राहिल्याचा दाखला दहा वर्षं झालेल्या वकिलाकडून घेऊन त्यावर न्यायिक अधिकाऱ्याची सही लागते. म्हणून पहिल्या दिवसापासून डायरी ठेवा: तारीख, खटल्याचा क्रमांक, काय केलं. घरी बसून फक्त एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्याला हा दाखला कोण देणार? नोटरी व्हायलाही दहा वर्षं लागतात, स्त्रिया, मागासवर्गीय आणि इतर मागासवर्गीयांना सात.

ज्या वाचकांना वकील हवा आहे त्यांच्यासाठी: विधी सेवेचा अर्ज साध्या कागदावर मराठीत चालतो. साक्रीला कोर्टातच समितीचं काम चालतं. सोबत आधार, लागू असेल तर उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला, आणि प्रकरणाचे असतील ते कागद न्यावेत. प्रवास शक्य नसेल तर १५१०० हा राष्ट्रीय क्रमांक फुकट लागतो. दिवाणी वाद किंवा तडजोड होण्यासारखा मामला असेल तर राष्ट्रीय लोकअदालतीची पुढची तारीख विचारून ठेवा. तिथे तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याची ताकद असते, अपील होत नाही, आणि भरलेलं कोर्ट फी स्टॅम्पचं शुल्क परत मिळतं.